एम्बाल्मिंग : मृतदेह टिकवण्याचे शास्त्र

मरणाचा विषय निघाला की आपल्याकडे 'शुभ बोला' म्हणून बोलणाऱ्याला गप्प केले जाते. आजाराची, पथ्याची, औषधांची माहिती लोक आवडीने विचारतात. पण मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत काय करायचे, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पूर्वी त्याची फारशी गरज नव्हती. सगळे गोत पंचक्रोशीत असे. सकाळी माणूस गेला तर दुपारपर्यंत अंत्यसंस्कार उरकत. आता थोरला मुलगा पुण्याला, धाकटा दुबईला, मुलगी अमेरिकेत असे चित्र तालुक्याच्या गावातही घरोघरी दिसते. 'मुलगा येईपर्यंत थांबू या' असे ठरते. पण थांबायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नसते. मग धावपळ, उलटसुलट सल्ले, आणि कधी कधी शेवटच्या दर्शनाला आलेल्या मुलाला आपल्या वडिलांचा चेहरा ओळखता न येण्याची वेळ.

म्हणून या आठवड्यात एम्बाल्मिंगची मूलभूत माहिती घेऊ. हा शब्द बरेच लोक 'एम्बामिंग' असाही उच्चारतात. शवागारात काम करणारे कर्मचारी, शववाहिकेचे चालक, अंत्यविधीला मदत करणारी मंडळे आणि या कामाकडे वळू पाहणारे तरुण यांना ही प्राथमिक ओळख उपयोगी पडेल. इतरांनीही ती वाचावी, कारण ही वेळ कोणत्याही घरावर सांगून येत नाही.

सुरुवातीलाच एक क्रम पक्का करून ठेवावा : आधी मृत्यूचे कारण, मग कागदपत्रे आणि शेवटी औषध. पुढची बहुतेक माहिती या क्रमाभोवतीच फिरते.

एम्बाल्मिंग म्हणजे काय?

मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांतून जंतुनाशक व टिकाऊपणा देणारे रसायन सर्व शरीरात पोहोचवून कुजण्याची क्रिया थोपवणे, म्हणजे एम्बाल्मिंग. त्याचे तीन हेतू असतात. पहिला, देह काही काळ टिकावा. दुसरा, त्यातून इतरांना होणारा जंतुसंसर्गाचा धोका कमी व्हावा. तिसरा, चेहरा शक्यतो नेहमीसारखा दिसावा.

यात 'काही काळ' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंत्यविधीसाठी केलेल्या एम्बाल्मिंगने देह काही दिवस, फार तर काही आठवडे, चांगल्या स्थितीत राहतो. तो कायमचा टिकत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी ठेवलेले देह वर्षानुवर्षे टिकतात, कारण त्यांत औषध अधिक तीव्र वापरतात आणि पुढेही देह औषधाच्या टाकीत ठेवतात. मॉस्कोत लेनिनचा देह १९२४ पासून टिकून आहे, तोही शास्त्रज्ञांच्या सततच्या देखभालीमुळे.

मृत्यूनंतर शरीरात काय घडते?

हृदय थांबल्यावर पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. पेशींतील पाचक द्रव्ये बाहेर पडून त्या आतूनच विरघळू लागतात. दुसरीकडे, आतड्यात आयुष्यभर शिस्तीत राहिलेले जंतू आता मोकळे सुटतात आणि रक्तवाहिन्यांच्या वाटेने शरीरभर पसरतात.

बाहेरून दिसणारे बदल साधारण असे असतात. रक्त वाहायचे थांबल्यामुळे ते शरीराच्या खालच्या भागात साचते. देह पाठीवर ठेवला असेल तर पाठीवर जांभळट डाग दिसू लागतात. हे डाग पाहून 'मारहाण झाली' असा संशय पुष्कळदा विनाकारण घेतला जातो. दोन-तीन तासांनी जबडा व मान ताठ होऊ लागते. सुमारे बारा तासांत सर्व शरीर ताठ होते आणि पुढे ताठरपणा हळूहळू ओसरतो. उन्हाळ्यात हे सारे लवकर घडते.

कुजण्याची पहिली खूण पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दिसते. तेथे मोठ्या आतड्याची सुरुवात असते आणि जंतू भरपूर असतात. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत, तर थंडीत एक-दोन दिवसांनी तेथे हिरवट छटा येते. पुढे वायू साठून पोट फुगते, चेहरा सुजतो आणि दुर्गंधी सुटते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याच्या उकाड्यात एका दिवसातही ओळख पटेनाशी होऊ शकते. म्हणूनच या कामात घड्याळाला मोठी किंमत आहे. कुजणे सुरू झाल्यावर केलेले एम्बाल्मिंग पुढची बिघाडी थोपवते. झालेली बिघाडी परत फिरवत नाही.

थोडा इतिहास

देह टिकवण्याची कला इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी विकसित झाली. तेथे आतील अवयव काढून देह नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात सुकवत आणि मग तो कापडात गुंडाळत. एकूण विधी सुमारे सत्तर दिवस चाले. रक्तवाहिन्यांतून औषध सोडण्याची आजची पद्धत मात्र सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपमधील शरीररचनातज्ज्ञांची आहे. हॉलंडचे फ्रेडरिक राइश आणि लंडनचे विल्यम हंटर ही त्यांतली प्रमुख नावे.

अंत्यविधीसाठी ती लोकप्रिय झाली अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात. दूरच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पोहोचवण्यासाठी तिचा उपयोग झाला. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा देह सुमारे दोन आठवडे आगगाडीने गावोगाव नेण्यात आला, तोही एम्बाल्मिंग केलेला होता. त्या वेळी औषधात आर्सेनिक, म्हणजे सोमल, वापरत. पुढे त्याचे दोन तोटे ध्यानात आले. ते काम करणाऱ्याच्या अंगात भिनत होते. आणि विषप्रयोगाने मेलेल्या माणसाच्या देहातील सोमल खुन्याने दिलेला की औषधातून आलेला, हे न्यायालयात सांगता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वापर बंद पडला आणि फॉर्मॅल्डिहाइडने त्याची जागा घेतली. ऊतींना घट्ट करण्याचा त्याचा गुण जर्मन डॉक्टर फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये दाखवून दिला होता.

औषधात काय असते?

मुख्य घटक फॉर्मॅलिन. फॉर्मॅल्डिहाइड हा वायू पाण्यात सुमारे ३७ ते ४० टक्के विरघळवला की फॉर्मॅलिन तयार होते. ते काय करते, हे समजण्यास कातडी कमावण्याचे उदाहरण चांगले आहे. कच्चे कातडे दोन दिवसांत सडते. कमावलेले वर्षानुवर्षे टिकते. कमावताना कातड्यातील प्रथिनांचे धागे एकमेकांना पक्के बांधले जातात. फॉर्मॅल्डिहाइड शरीरातील प्रथिनांचे असेच करते. बांधलेल्या प्रथिनांवर जंतूंची उपजीविका होत नाही, पेशींतील पाचक द्रव्ये निकामी होतात आणि जंतूही मरतात.

नुसते फॉर्मॅलिन वापरले तर देह लाकडासारखा कडक व करडा होतो. म्हणून त्यात इतर पदार्थ मिसळतात. ग्लिसरीनमुळे ओलावा व मऊपणा राहतो. अल्कोहोलमुळे औषध ऊतींत चांगले शिरते. फिनॉल बुरशी व जंतू मारते. सोडियम सायट्रेट रक्ताच्या गाठी सैल करते. टाकणखार मिश्रणाची आम्लता सांभाळतो. थोडा लालसर रंग त्वचेला निस्तेज दिसू देत नाही, आणि वास झाकण्यासाठी विंटरग्रीनसारखे सुवासिक तेल घालतात. बाकीचे पाणी. कशाचे किती प्रमाण घ्यायचे, हे देहाच्या स्थितीवर अवलंबून असते आणि ते तज्ज्ञानेच ठरवायचे असते.

प्रत्यक्ष कृती

देह ताब्यात घेताच पहिले काम ओळख पटवण्याचे. नावाची चिठ्ठी, नातेवाइकाची सही, मृत्यूचे प्रमाणपत्र आणि लागत असेल तेथे पोलिसांचा ना-हरकत दाखला तपासतात. अंगावरचे दागिने नोंद करून नातेवाइकांच्या हाती देतात. नंतर देह जंतुनाशक पाण्याने स्वच्छ करतात, डोळे व तोंड मिटवतात आणि हातपाय चोळून ताठरपणा सैल करतात. डोके उशीवर थोडे उंच ठेवतात. तसे न केल्यास रक्त चेहऱ्याकडे उतरून चेहरा काळवंडतो.

मग मांडीच्या वरच्या भागात किंवा मानेत छोटा छेद घेऊन मोठी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी, बाहेर काढतात आणि तिच्यात नळी बसवतात. औषधाचे भांडे उंचावर टांगून सलाइनप्रमाणे किंवा पंपाने सावकाश औषध सोडतात. मांडीतून सोडताना आधी ते वरच्या अंगाकडे व नंतर त्याच पायाकडे सोडतात. प्रौढ माणसाला साधारण आठ ते दहा लिटर औषध लागते. काही ठिकाणी जवळची नीला उघडून साचलेले रक्त बाहेर येऊ देतात.

शेतकरी वाचकांना हे चटकन कळेल. मुख्य कालव्यात पाणी सोडले की ते चाऱ्यांत, चाऱ्यांतून पाटात आणि पाटातून वाफ्यात जाते. मोठ्या वाहिनीत सोडलेले औषधही असेच बोटांच्या टोकापर्यंत जाते. पाटात दगड-माती अडकली तर पुढचा वाफा कोरडा राहतो. वाहिनीत रक्ताची गाठ असेल तर पुढचा भाग औषधावाचून राहतो. म्हणून औषध जात असताना हातपाय चोळत राहतात आणि जेथे पोहोचले नाही तेथे वेगळे टोचतात. दाब फार वाढवला तर बांध फुटावा तशा सूक्ष्म वाहिन्या फुटतात व चेहरा सुजतो. घाई येथे उपयोगाची नाही.

औषध पोहोचले की नाही, हे कसे ओळखायचे? त्वचेखालच्या बारीक शिरा फुगतात, नखांचा निळेपणा जातो, स्नायू घट्ट लागतात. शेवटी पोट व छातीच्या पोकळीतील द्रव आणि वायू पोकळ सुईने शोषून तेथे तीव्र औषध भरतात, कारण कुजण्याचे मूळ पोटात असते. छेद शिवून देह पुन्हा स्वच्छ करतात. सगळ्याला साधारण दीड ते तीन तास लागतात.

शवविच्छेदन झालेल्या देहात काम अवघड होते. मुख्य वाहिन्या कापलेल्या असतात, म्हणून मान, काखा व मांड्या येथून प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे औषध द्यावे लागते आणि आतील अवयवांवर वेगळी प्रक्रिया करावी लागते.

प्रत्येक देह सारखा नसतो

'माणूस गेला, आता आजार कशाला विचारता?' असे नातेवाईक कधी कधी रागाने म्हणतात. पण आजार समजल्याशिवाय हे काम नीट होत नाही. कावीळ झालेल्या देहात फॉर्मॅलिनमुळे पिवळा रंग हिरवा होतो, म्हणून तेथे औषध वेगळ्या प्रकारे द्यावे लागते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात युरिया व अमोनिया साठलेला असतो आणि तो फॉर्मॅल्डिहाइडची शक्ती खाऊन टाकतो. अंगावर सूज असेल तर औषध पातळ होते. मधुमेही व वृद्ध रुग्णांच्या रक्तवाहिन्या कडक व अरुंद झालेल्या असतात. रक्तात जंतुदोष होऊन मृत्यू आला असेल तर कुजणे फार लवकर सुरू होते.

क्षयरोग, ब प्रकारची कावीळ, एचआयव्ही यांसारखा आजार असेल तर तो लपवू नये. तो सांगण्यात मृताची बदनामी नाही. लपवण्यात मात्र काम करणाऱ्याच्या जिवाला धोका आहे. त्याच्याही घरी बायकामुले आहेत. काही संसर्गात तर एम्बाल्मिंग मुळीच केले जात नाही. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा देहांचे एम्बाल्मिंग करू नये, असे मार्गदर्शन केले होते.

संशय असेल तर थांबा

या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग. अपघात, आत्महत्या, विषबाधा, भाजणे, सर्पदंश, अचानक झालेला अस्पष्ट मृत्यू किंवा कोणाचा घातपाताचा संशय असेल, तर शवविच्छेदनापूर्वी एम्बाल्मिंग करता कामा नये.

याची कारणे साधी आहेत. फॉर्मॅल्डिहाइडमुळे सायनाइड, अल्कोहोल व इतर अनेक विषांचा शोध लागणे कठीण किंवा अशक्य होते. रक्तगट तपासता येत नाही. औषधाच्या प्रवाहाने रक्ताच्या गाठी जागच्या हलतात, त्यामुळे हृदयविकार की दुसरे काही, हे सांगता येत नाही. सुईच्या व छेदाच्या खुणा मूळच्या जखमांत मिसळतात. एकदा गेलेला पुरावा परत मिळत नाही.

समजा, सासरी एखाद्या विवाहितेचा अचानक मृत्यू झाला आणि माहेरचे लोक दुसऱ्या दिवशी पोहोचणार आहेत. 'देह खराब होईल, आधी औषध भरून घ्या' असा आग्रह घरातून होतो. त्यात कपट असेलच असे नाही, काळजीही असेल. पण तेथे योग्य मार्ग एकच : पोलिसांना कळवणे, देह शीतगृहात ठेवणे, शवविच्छेदन होऊ देणे आणि त्यानंतर पोलिसांच्या ना-हरकत दाखल्यावरच एम्बाल्मिंग. आधी औषध भरले तर त्या लेकीला न्याय मिळण्याची वाट बंद होऊ शकते. औषध भरणाऱ्यावरही पुरावा नष्ट केल्याचा आरोप येऊ शकतो. म्हणूनच क्रमात कारण पहिले आणि औषध शेवटचे.

बर्फ की एम्बाल्मिंग?

'डॉक्टर, बर्फात ठेवलंय ना, मग आणखी चिरफाड कशाला?' हा नेहमीचा प्रश्न. पुष्कळदा तो बरोबरही असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी गावातच अंत्यसंस्कार होणार असतील, किंवा आठ-दहा तासांचा रस्त्याचा प्रवास करून लगेच विधी करायचे असतील, तर बर्फ किंवा भाड्याने मिळणारी थंड शवपेटी पुरते. एक-दोन दिवस थांबायचे असेल तर रुग्णालयाच्या शीतगृहात, सुमारे चार अंश सेल्सिअस तापमानात, देह ठेवणे उत्तम.

थंडीने कुजणे मंदावते, थांबत नाही. बाहेर काढल्यावर ते पुन्हा वेग घेते. म्हणून त्याहून जास्त दिवस थांबायचे असेल, विमानाने न्यायचे असेल किंवा देह परदेशी पाठवायचा असेल, तर एम्बाल्मिंग करावे लागते. परवानगी असेल तर ते जितके लवकर होईल तितके चांगले.

काही जण एम्बाल्मिंग हे मोठेपणाचे लक्षण समजून उगाच आग्रह धरतात. ते तसे नाही. अमेरिकेत ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. पण तेथेही १९८४ पासून लागू असलेल्या नियमानुसार, कायद्याने एम्बाल्मिंग सक्तीचे नसताना ते सक्तीचे आहे, असे अंत्यविधी व्यावसायिकाला ग्राहकाला सांगता येत नाही. गरज असेल तरच करावे, हे तत्त्व आपणही पाळावे.

घरी पहिल्या दोन तासांत काय करावे?

मृत्यू नैसर्गिक असेल आणि डॉक्टरांनी तो तपासून सांगितला असेल, तर पुढील गोष्टी घरच्या माणसांनी कराव्यात.

१. देह पाठीवर सरळ ठेवून डोक्याखाली उशी द्यावी.
२. पापण्या मिटवाव्यात. हनुवटीखालून कापडाची पट्टी डोक्यावर बांधून तोंड मिटवावे.
३. हातपाय सरळ करून पायांचे अंगठे एकत्र बांधावेत. नाकात कापूस ठेवावा.
४. बर्फ प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पोटावर, छातीवर व दोन्ही कुशींना ठेवावा. चेहऱ्यावर ठेवू नये. वितळलेले पाणी वाहून जाईल अशी सोय करावी.
५. खोली थंड व हवेशीर ठेवावी. देहाजवळ समया, धूप व माणसांची दाटी टाळावी.

यांतील बऱ्याच गोष्टी आपली जुनी माणसे रीत म्हणून करीतच आली आहेत. ताठरपणा येण्यापूर्वी देह सरळ करण्याचा व्यवहार त्या रीतींत आहे.

मात्र संशयास्पद मृत्यू असेल तर यांतले काहीही न करता, देह न हलवता, पोलिसांना बोलवावे. घरच्या घरी फॉर्मॅलिन आणून टोचण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. त्याने देह टिकत नाही आणि टोचणाऱ्याच्या डोळ्यांना व फुप्फुसांना इजा होते.

एम्बाल्मिंग कोठे करतात? कागद कोणते?

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात होते. मोठ्या शहरांत काही खाजगी अंत्यविधी व्यावसायिकही ते करवून देतात. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात कोणते महाविद्यालय आहे, रात्री व सुटीच्या दिवशी सोय असते का आणि शुल्क किती, हे मंडळांनी व शववाहिका चालकांनी आधीच विचारून फलकावर लिहून ठेवावे.

विमानाने देह नेताना सर्वसाधारणपणे डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत दाखला, एम्बाल्मिंगचे प्रमाणपत्र आणि शवपेटी नीट बंद केल्याचे प्रमाणपत्र लागते. शवविच्छेदन झाले असेल तर त्याचा अहवालही मागतात. परदेशी पाठवायचे असेल तर मृताचे पारपत्र आणि त्या देशाच्या वकिलातीचा दाखला लागतो. प्रत्येक विमान कंपनीचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून तिकिटाआधी चौकशी करावी. सर्व कागदांवर नाव एकसारखे लिहिले आहे ना, हे दोनदा पाहावे. एका अक्षराच्या फरकासाठी नातेवाइकांना विमानतळावर ताटकळावे लागते.

आखाती देशांतून येणारे देह एम्बाल्मिंग करून, बंद पेटीतून येतात. अशा देहांना भारतात येताना विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'ई-केअर' नावाची संगणकीय सोय सुरू केली. गावाकडच्या नातेवाइकांनी यासाठी दलालाच्या मागे लागण्यापेक्षा तेथील भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा.

हे काम करणाऱ्यांची काळजी

फॉर्मॅलिन देह टिकवते, पण जिवंत माणसाला ते घातक आहे. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकऱ्याला झटका येतो. त्वचेवर वारंवार पडल्यास चट्टे उठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे जाहीर केले. 'आम्हाला सवय झाली आहे' असे जुने कर्मचारी सांगतात. सवय नाकाला होते, फुप्फुसाला नाही. म्हणून पुढील नियम कोणी मोडू नयेत.

१. रबरी हातमोजे, प्लास्टिकचा ॲप्रन, चष्मा व गमबूट वापरावेत. वाफेसाठी रासायनिक गाळणी असलेला मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल ती वाफ अडवत नाही.
२. खोलीत हवा खेळती हवी आणि दूषित हवा बाहेर काढणारा पंखा कामाच्या टेबलाजवळ हवा.
३. ब प्रकारच्या काविळीची लस घ्यावी. पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी.
४. देह हलवताना फुप्फुसातील हवा बाहेर पडते. म्हणून मृताच्या नाकातोंडावर ओले कापड ठेवावे.
५. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.
६. डोळ्यात थेंब गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.
७. फॉर्मॅलिन आणि ब्लीचिंग पावडर किंवा ॲसिड एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतात.
८. फॉर्मॅलिन पाण्यासारखे दिसते. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' असे लिहावे.

शिकायचे असेल तर

अमेरिकेत या व्यवसायासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम, उमेदवारी, परीक्षा व परवाना असतो. आपल्याकडे ही विद्या मुख्यतः शरीररचनाशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात आणि विभागातील अनुभवी कर्मचाऱ्यांच्या हाताखाली शिकली जाते. ज्याला हे काम करायचे आहे त्याने तीन गोष्टी पक्क्या कराव्यात : मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा, रसायनांचे गुणदोष आणि कायद्याची मर्यादा. चौथी गोष्ट पुस्तकात मिळत नाही. टेबलावरचा देह कुणाचा तरी बाप, आई, मूल असते. अंग झाकून ठेवणे, छायाचित्र न काढणे, बाहेर चर्चा न करणे आणि नातेवाइकांशी हळू आवाजात बोलणे हा या विद्येचाच भाग आहे.

वाचकांच्या काही शंका

एम्बाल्मिंगनंतर अंघोळ घालता येते का? होय. टाके सांभाळून अंगावर पाणी घालता येते, नवे कपडे व हारफुलेही घालता येतात.

अग्निसंस्कारात अडचण येते का? नाही. मात्र धातूची पेटी जळत नाही, त्यातून देह काढून घ्यावा. मृताच्या छातीत पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यायला सांगावे. आगीत त्याचा स्फोट होतो.

पेटी घरात उघडावी का? अंगणात उघडावी. दोन-चार मिनिटे वाफ जाऊ द्यावी आणि मगच जवळ जावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व दमेकरी यांना तोपर्यंत दूर ठेवावे. पेटी उघडू नये अशी लेखी सूचना असेल तर ती पाळावी.

नेत्रदान करता येते का? येते, पण ते एम्बाल्मिंगच्या आधी, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. देहदान करायचे असेल तर खाजगी ठिकाणी औषध भरून न घेता थेट वैद्यकीय महाविद्यालयाला लवकरात लवकर कळवावे. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह सहसा स्वीकारत नाहीत.

मुस्लिम समाजात दफन लवकर करण्याची रीत असल्याने एम्बाल्मिंग सहसा टाळतात. विमानप्रवासामुळे ते आवश्यक ठरले तर आपल्या समाजातील जाणकारांचा सल्ला घेऊन निर्णय करावा.

लक्षात ठेवा

दुःखाच्या घरात डोके शांत ठेवणारा एक तरी माणूस लागतो. तो भाऊ असेल, शेजारी असेल किंवा मंडळाचा कार्यकर्ता असेल. त्याने तीनच प्रश्न विचारावेत. मृत्यूचे कारण स्पष्ट आहे का? कागद हाती आले का? किती तास थांबायचे आहे? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर पोलीस व शवविच्छेदन. दुसऱ्याचे 'नाही' असेल तर आधी दाखले. दोन्हींची उत्तरे 'होय' असतील तर तिसऱ्या उत्तरावरून बर्फ, शीतगृह की एम्बाल्मिंग, हे ठरवावे.

आपल्या गावाजवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा व शववाहिकेचा दूरध्वनी क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा. तो कधी लागू नये, हीच इच्छा. पण लागला तर शोधत बसण्याची वेळ घरच्यांवर येऊ नये.